नव्या वास्तू पाहण्याविषयी

घर बांधावयास काढणे, किंवा असलेल्या घराची फेररचना करणे, हे आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात बहुधा एकदाच घडणारे आणि म्हणूनच आप्तेष्टांचे सल्ले, मक्तेदाराची घाई व कर्जाचे हप्ते यांनी चहूबाजूंनी वेढलेले कार्य असते. आणि ज्याने जन्मात कधी एखाद्या इमारतीकडे मान वर करून पाहिलेले नसते असा गृहस्थही, आपल्या वास्तूस काही नवे रूप यावे या साहजिक इच्छेने, अशा वेळी चित्रे जमवू लागतो. पूर्वी ती मासिकांतून कात्रीने कापून ठेवीत. आता हातातल्या फोनवर शेकड्यांनी साठतात. त्यांत जपानमधील न्हाणीघर असते, मेक्सिकोतील गुलाबी भिंत असते, डेन्मार्कमधील स्वयंपाकघर असते. आणि या सर्वांचा मेळ तळेगावच्या किंवा चिपळूणच्या दोन गुंठ्यांवर कसा बसवायचा, ही जबाबदारी वास्तुरचनाकाराच्या गळ्यात घालून गृहस्थ मोकळा होतो.

नव्या वास्तुकलेपासून स्फूर्ती घेण्याची ही रीत सोयीची खरी, पण निष्फळ आहे असे माझे मत आहे, कारण चित्रात पाऊस नसतो आणि दुपारही नसते. छायाचित्रकार बहुधा सकाळच्या कोवळ्या उन्हात, घरातील माणसे व त्यांचे वाळत घातलेले कपडे दूर करून, एका विवक्षित कोपऱ्यातून चित्र घेतो. आणि ज्या अडचणीपायी ती भिंत तिरपी झाली किंवा ते छप्पर उंच उचलले गेले, ती अडचण चित्राच्या चौकटीबाहेरच राहते. उत्तर उचलून आणायचे आणि प्रश्न तेथेच टाकून यायचे, असा हा व्यवहार होतो. तेव्हा चालू काळातील चांगल्या इमारतींपासून ज्यांस खरोखरच काही घ्यावयाचे आहे, त्यांनी पाहावे कसे आणि पाहिलेले आपल्या घरापर्यंत आणावे कसे, याविषयी चार गोष्टी सांगण्याचा येथे विचार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, पुष्कळ पाहू नये. जेथे सर्वसामान्य माणसास प्रवेश आहे अशा दोन-तीन इमारती निवडाव्या आणि त्यांच्याकडे पुनःपुन्हा, शक्यतो गैरसोयीच्या वेळी, जावे. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय या अभ्यासास मला सर्वांत उपयुक्त वाटते. चार्ल्स कोरिया यांनी ते ऐन तिशीत रचले आणि १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सहा मीटर लांब व सहा मीटर रुंद अशा चौरस दालनांची ही मांडणी आहे. काही दालने भिंतींनी बंद केलेली, काही मोकळी सोडलेली, मध्ये पाण्याचा चौक. विटांचे खांब, वर कौलारू छपरे, खाली दगडी फरशी, आणि खिडक्यांस काच मुळीच नाही, उघडमीट करता येणारी लाकडी पट्ट्यांची झडपे आहेत. येणारा प्रवासी छपरांच्या रांगेचे एक छायाचित्र घेतो, साधेपणाविषयी एखादे प्रशंसोद्गार काढतो आणि पुढे सरकतो. त्याने थोडे थांबून दोन छपरांच्या मधोमध गेलेल्या काँक्रीटच्या तुळईकडे पाहावे. ती तुळई भरीव नाही. पन्हळीप्रमाणे वरून उघडी आहे. दोन्ही अंगांच्या छपरांचे पाणी तीत उतरते आणि तिच्यातूनच वाहून जाते, म्हणजे भार पेलणारा एक अवयव आणि पाणी नेणारा दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था न करता एकाच अवयवाकडून दोन्ही कामे करून घेतली आहेत. आणि पुढेमागे संग्रहालय वाढविण्याचा प्रसंग आलाच, तर त्याच तुळईच्या मोकळ्या अंगास नवे दालन टेकविण्याची तजवीजही तीत आहे. ज्याला हे समजले त्याला पावसाळ्यात अहमदाबादेस जाण्याचे प्रयोजन वेगळे सांगावे लागणार नाही.

मग येथून घरी न्यायचे काय? चौरस कौलारू छपरे तर खासच नव्हेत. न्यायचा तो एक क्रम: पाण्याची वाट भिंतीच्या आधी ठरली पाहिजे. आपल्याकडे गच्चीच्या पाण्याची आठवण रंगकाम आटोपल्यावर होते. मग नळकाम करणारा येतो, नव्या भिंतीस भोक पाडतो आणि दर्शनी बाजूवरून एक पांढरा नळ खाली सोडून देतो. आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्या भोकाभोवती ओल धरून गिलाव्याचे पोपडे सुटू लागले, की सगळे मिळून सिमेंटच्या प्रतीला दोष देतात. हे टाळण्यास मोठे ज्ञान लागत नाही. नकाशा हाती येताच निळी पेन्सिल घ्यावी आणि गच्चीवर पडलेला थेंब कोणत्या वाटेने, किती वळणे घेऊन गटारापर्यंत पोहोचतो, हे त्यावर स्वतः रेखाटावे. जेथे पेन्सिल अडेल तेथे वास्तुरचनाकारास थांबवून विचारावे. गच्चीस शंभर फुटांमागे निदान एक फूट उतार आहे की नाही, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे. आणि छज्जे ओतले जात असतील त्या दिवशी जातीने हजर राहून, छज्ज्याच्या खालच्या अंगास कडेपासून दीड-दोन इंच आत बोटभर रुंदीची एक सलग खाच मिस्त्रीने ठेवली की नाही, हे पाहावे. छज्ज्याच्या कडेवरून उतरलेले पाणी काँक्रीटच्या पोटास चिकटून भिंतीकडे सरकू लागते, ते या खाचेशी येऊन तुटते व खाली गळून पडते. या एवढ्याशा खाचेचा खर्च शून्य आहे, आणि ती विसरली गेल्यामुळे काळवंडलेल्या भिंती मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत वाटेल तितक्या पाहावयास मिळतात.

उन्हाचा प्रश्न याहून अवघड आहे. मुंबईस कंबाला हिलवर 'कांचनजंगा' नावाची एक उंच इमारत आहे; कोरियांनीच प्रवीणा मेहता यांच्या सहकार्याने तिची रचना केली आणि १९८३ साली ती पुरी झाली. राहती घरे असल्याने आत डोकावण्याची मुभा अर्थातच नाही, परंतु रस्त्यावरूनही तिचे कोपरे दिसतात: दोन-दोन मजल्यांच्या उंचीचे, आत खोल कोरून काढल्यासारखे, मोकळे सज्जे. त्या कोपऱ्यांची नक्कल पुढे अनेकांनी केली; पण ते कोरले कशासाठी, हे फारच थोड्यांनी विचारले. मुंबईत समुद्रावरून येणारा वारा आणि पाण्याचा देखावा पाहिजे असेल तर घराने तोंड पूर्वेस व पश्चिमेस करावे लागते, आणि नेमके त्याच बाजूंनी कडक ऊन व पावसाची झड येते. जुन्या बंगल्यांनी या पेचातून वाट काढली ती घराभोवती व्हरांडा फिरवून. उन्हापावसाचा मार व्हरांड्याने खायचा आणि आतल्या खोल्यांनी निर्धास्त राहायचे. तोच व्हरांडा सुमारे ८४ मीटर उंचीच्या इमारतीत मजल्या-मजल्यावर कसा नेता येईल, या विचारातून ते खोल सज्जे निघाले आहेत. आपल्या कोकणातल्या पडवीचे आणि देशावरच्या ओसरीचे जे काम, तेच त्यांचे.

पश्चिमेचे ऊन इतके त्रासदायक का, हे एकदा आकड्यांनी समजून घेतले म्हणजे कोणतीही नवी इमारत पाहताना डोळ्यांस निराळीच दृष्टी येते. मुंबई साधारण १९ अक्षांशांवर आहे. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास भर मध्यान्ही तेथे सूर्य क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो, आणि दक्षिणेच्या भिंतीतून दोन फूट पुढे आलेला छज्जा त्या वेळी खाली पावणेसहा फुटांच्या आसपास सावली धरतो; म्हणजे सबंध खिडकी झाकली जाते. डिसेंबरात तोच सूर्य ४७-४८ अंशांपर्यंत उतरतो, छज्ज्याची सावली दोन-सव्वादोन फुटांवर येते, आणि थंडीतले हवेहवेसे ऊन खिडकीच्या खालच्या भागातून आत येऊन बसते. दक्षिणेचा छज्जा असा समंजस असतो. परंतु तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर बसवून पाहा: मार्च महिन्यातील त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी दोन तास त्याची सावली जेमतेम एक फूट पडेल, आणि बाकीची खिडकी संध्याकाळपर्यंत भाजत राहील. पश्चिमेस आडवा छज्जा उपयोगाचा नाही. तेथे उभ्या पट्ट्या तरी पाहिजेत, खोल पडवी तरी पाहिजे, नाहीतर एखादे चांगले झाड पाहिजे. अहमदाबादेतील गिरणीमालक संघाच्या इमारतीत, जी १९५४ साली पुरी झाली, ल कॉर्ब्युझिए यांनी पश्चिमेच्या, रस्त्याकडील अंगास काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या तिरप्या वळवून उभ्या केल्या आणि पूर्वेच्या, नदीकडील अंगास मात्र सरळ ठेवल्या, हे पाहून 'दोन्ही बाजू एकसारख्या का नाहीत' असे कोडे पडणाऱ्यास वरील हिशेब पुरेसा आहे. उलटपक्षी, पुण्यामुंबईच्या वेशीवर जे काचेचे मनोरे चारी दिशांस एकच चेहरा करून उभे आहेत, त्यांस सूर्य कोठून उगवतो याचीच वार्ता नसावी. जेथे ऊन दुर्मीळ, त्या थंड देशांतील ही युक्ती आपल्याकडे आली आणि तिच्यामागोमाग वातानुकूलनाचे वीजबिलही आले.

भूखंड असणाऱ्यांनी यासाठी एक प्रयोग अवश्य करावा. जाड पुठ्ठ्याचे, नकाशाबरहुकूम खिडक्या कापलेले, छज्जे चिकटवलेले एक लहानसे घर करावे. होकायंत्राने दिशा साधून ते प्रत्यक्ष जागेवर ठेवावे आणि सकाळी नऊला, दुपारी बाराला व चारला कोणत्या खोलीत ऊन कोठवर जाते, हे भोक पाडून पाहावे. ऊन लहान घरातही त्याच कोनाने शिरते, म्हणून खेळण्यातले असले तरी हे उत्तर खरे असते. मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा, असे दोनदा केल्यास फारच उत्तम. दिशांविषयी बोलण्यास हल्ली वास्तुतज्ज्ञ म्हणविणारे इसम मुबलक मिळतात, परंतु त्यांचे लक्ष बहुधा तिजोरीवर असते.

सदनिकेत राहणाऱ्यांस यात करण्यासारखे काही नाही असे वाटेल. वस्तुतः एक फार महत्त्वाची गोष्ट त्यांच्या हाती आहे, आणि ती म्हणजे न करण्याची. सज्जा आत घेऊन दिवाणखाना सहा फुटांनी वाढविणे हा आपल्या शहरांतील सर्वमान्य रिवाज झाला आहे. महापालिकेची परवानगी व सोसायटीचे ना-हरकत पत्र या बाबी तर आहेतच. पण त्या बाजूस ठेवल्या तरी, ज्या सज्ज्याने ऊन व झड अडवून धरली होती तोच खोलीत घेतल्यावर ऊन आता थेट सोफ्यावर येते, मग जाड पडदा येतो, मग दिवसाढवळ्या दिवा लागतो. सज्जा मोकळा ठेवून त्याच्या बाहेरच्या कडेस वर गुंडाळता येणारी बांबूची चटई सोडणे हे कांचनजंगाच्या कोपऱ्यापासून शिकण्यासारखे आहे, आणि त्यास काही शेकडे रुपये लागतात.

कित्येकदा असेही होते की, दूरदेशच्या एखाद्या नामांकित इमारतीत आपल्या आळीतलेच काहीतरी सुधारलेल्या रूपात भेटते. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात गांदो नावाचे खेडे आहे. तेथील फ्रान्सिस केरे हे जर्मनीत वास्तुकला शिकत असतानाच आपल्या गावासाठी प्राथमिक शाळा बांधण्याच्या उद्योगास लागले, आणि २००१ साली गावकऱ्यांच्या हातांनी ती उभी राहिली. भिंती दाबून घडविलेल्या मातीच्या विटांच्या. त्यांवर विटांचेच, फटी ठेवलेले छत. आणि त्या छताच्या बऱ्याच वर, लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर, चारी बाजूंनी पुढे आलेले पत्र्याचे दुसरे छप्पर. पत्रा तापतो, पण तापलेली हवा दोन छपरांच्या मधून वाऱ्याबरोबर निघून जाते आणि खालच्या फटींतून वर्गातली उष्ण हवाही ओढून नेते. पावसाळ्यात हाच पुढे आलेला पत्रा मातीच्या भिंतींस भिजू देत नाही. केरे यांस २०२२ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. आता सोलापूर, जळगाव, नागपूर येथील कोणत्याही वस्तीत उंचावरून पाहा: गळती व उकाडा यांस कंटाळून लोकांनी स्लॅबच्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकलेली दिसेल. तत्त्व एकच आहे. फरक इतकाच की, आपण शेड अगदी ठेंगणी ठेवतो, किंवा तिच्या बाजू विटांनी बंद करून सामान भरतो, म्हणजे ज्या हवेने वाहून जायचे तीच कोंडून ठेवतो. शेड टाकणे असेलच तर बाजू मोकळ्या ठेवाव्या, पत्रा भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट जाऊ द्यावा, वरून पांढरा रंग द्यावा, आणि वळवाच्या वादळात तो शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडू नये यासाठी सांगाडा स्लॅबमध्ये पक्का रोवून घ्यावा. स्थानिक कचेरीची मंजुरी आधी घ्यावी, हे सांगणे नलगे.

सामानाच्या बाबतीत लॉरी बेकर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे इंग्रज गृहस्थ १९४५ साली हिंदुस्थानात आले आणि येथीलच झाले. घर बांधण्याचे सामान जागेपासून पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हे गांधीजींचे सांगणे आपण आयुष्यभर पाळण्याचा यत्न केला, असे ते सांगत. त्रिवेंद्रम व आसपास त्यांनी रचलेल्या इमारतींत विटा पसरट निजवण्याऐवजी कडेवर उभ्या करून, भिंतीच्या पोटात पोकळी ठेवून केलेले बांधकाम दिसते. त्याने सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात, आणि पोकळीतील हवेमुळे बाहेरचा उष्मा आत येण्यास वेळ लागतो. स्लॅबच्या खालच्या अंगास, जेथे काँक्रीटचे काही काम नसते, तेथे ते जुनी मंगलोरी कौले घालून काँक्रीट वाचवीत. या दोन्ही युक्त्या आपल्याकडे होण्यासारख्या आहेत, परंतु त्यांची चित्रे दाखवून कोणत्याही गवंड्यास त्या करावयास सांगू नये. कोपरे व दारांच्या बगला भरीव ठेवणे, वीट तोडून वाया न घालवणे, या गोष्टी हाताला सवय असल्याशिवाय साधत नाहीत, आणि कौलांच्या स्लॅबला तर अभियंत्याचा हिशेबच पाहिजे.

पुण्यात जन्मलेल्या व मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या परंपरेत शिकलेल्या अनुपमा कुंडू यांनी ऑरोव्हिल येथे आपले 'वॉल हाउस' २००० साली बांधले. तेथे त्यांनी तमिळ प्रदेशातील पातळ, हातघडणीच्या जुन्या धाटणीच्या विटा वापरल्या. आणि २०१२ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात या घराची पूर्णाकृती प्रतिकृती उभी करण्याची वेळ आली तेव्हा भारतातले कारागीरही तिकडे कामास गेले. आपल्या रायगड जिल्ह्यात, नांदगावच्या नारळीच्या वाडीत, बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ साली पुरे केलेले 'पाल्मायरा हाउस' याच जातीचे: ऐनाच्या लाकडाचा सांगाडा, ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांची झडपे, जोत्यास व फरसबंदीस काळा दगड. ताडाचे लाकूड काय कामाचे, असे म्हणणारे आपण. आणि त्याच लाकडाची झडपे जगभरच्या मासिकांत छापून आली. अशी खासगी घरे पाहावयास मिळत नाहीत, म्हणून त्यांचे नकाशे, आणि विशेषतः छेद, म्हणजे इमारत उभी कापली तर आत जे दिसेल त्याचे रेखाटन, पाहावे. दर्शनी चित्र भुरळ घालते. छेदात छप्पर किती उंच, झडप किती खोल, वारा कोठून शिरून कोठून निघतो, हे सारे सापडते, आणि तो वाचणे वाटते तितके कठीण नाही.

आपला पाच मैलांचा परीघ कोणता, हे ज्याचे त्याने शोधावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा आहे. खाणीतून काढताना मऊ असलेला आणि हवेने कठीण होत जाणारा हा दगड घडीव असेल तर त्यावर गिलाव्याचा खर्च करण्याचे कारणच उरत नाही, फक्त वळचण मोठी ठेवावी लागते. देशावर काळा दगड आहे. परंतु स्थानिकपणाचाही अतिरेक होतो. सिमेंटच्या भिंतीवर अर्ध्या इंचाची जांभ्याची चकती चिकटवून घेणारे लोक मी पुष्कळ पाहतो, आणि त्यापेक्षा सरळ चुना फासलेली भिंत अधिक प्रामाणिक, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आता एक गोष्ट जी लेखांत सहसा सांगितली जात नाही. नव्या वास्तुकलेचा खरा अभ्यास नव्या कोऱ्या इमारतीत होत नाही, तीस-चाळीस वर्षे वापरलेल्या इमारतीत होतो. नवी मुंबईत बेलापूर येथे सिडकोसाठी कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात एक वसाहत रचली. आठ मीटर चौरस अंगणाभोवती सात घरे. अशा तीन गटांचे मिळून बारा मीटर चौरसाचे मोठे अंगण. आणि कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, जेणेकरून ज्याला ऐपत येईल त्याने शेजाऱ्यास न विचारता आपले घर वाढवावे. आज तेथे हिंडणाऱ्यास मूळची उतरत्या छपरांची घरे थोडीच आढळतील. पुष्कळांनी ती पाडून तिथे दोन-तीन मजली स्लॅबची घरे उठविली आहेत. वास्तुकलेचे विद्यार्थी हे पाहून हळहळतात. मला मात्र त्या घरांच्या मधली अंगणे टिकली आहेत ही गोष्ट अधिक बोलकी वाटते: छपरे गेली, पण जागेची वाटणी लोकांनी मोडली नाही, कारण ती त्यांच्या रोजच्या कामाची होती. अशा वसाहतीत जाऊन राहणाऱ्यांशी अदबीने बोलावे. त्यांनी काय पाडले, काय जपले आणि कशावर पत्रा टाकला, हे विचारावे. कोणत्याही टीकाकाराच्या ग्रंथात सापडणार नाही असा मजकूर तेथे तोंडी मिळतो.

निगेचा प्रश्नही तेव्हाच विचारावा. हैदराबादेस राहुल मेहरोत्रा यांच्या कार्यालयाने रचलेली केएमसी या कंपनीची कचेरी (२०१२) आहे. तिच्या बाहेरच्या अंगास ॲल्युमिनियमची जाळी असून तीवर झाडांच्या परड्या व फवाऱ्यांची योजना आहे, आणि जाळी व काच यांच्या मधल्या वाटेने माळी हिंडत असतात. चित्रात दिसते ती हिरवी भिंत. पण रचनाकाराने भिंतीबरोबर माळ्याच्या वाटेचाही नकाशा काढला, हे त्यातले मर्म आहे. आपल्या घरी हिरवी भिंत करण्यापूर्वी तिला दिवाळीच्या सुटीत पाणी कोण घालणार याचे उत्तर घरातल्यांकडून घ्यावे. समाधानकारक मिळाले नाही तर दारात एक बकुळ लावावी.

आतापर्यंतचे विवेचन उपयुक्ततेचे झाले, आणि वास्तू म्हणजे ऊन-पाण्याची सोय एवढेच मी मानतो, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तसा तो होऊ नये म्हणून पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका पाहून यावे. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या खगोलविज्ञानाच्या संस्थेची इमारत कोरियांचीच. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने संस्था लोकांस खुली ठेवण्याचा शिरस्ता आहे. भिंतीस येथलाच काळा दगड, त्यावर त्याहून काळा कडप्पा, आणि सर्वांत वर आकाश ज्यात उमटते असा चकचकीत काळा ग्रॅनाइट; एकाच रंगाच्या तीन पायऱ्यांनी अवकाशाचा गहिरेपणा सुचविला आहे. मध्ये कुंडासारखा पायऱ्यांचा चौक, त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे. ही संकेतांची भाषा संस्थेस शोभते. तिची नक्कल करून दिवाणखान्यात ग्रहमाला टांगणाऱ्यास ती शोभणार नाही. घेण्यासारखी आहे ती काळ्याच्या तीन छटांमागची काटकसर. आपल्या घरांत एका खोलीत पाच प्रकारच्या फरश्या, चार रंग आणि तीन जातींचे लाकूड नांदत असते, तेथे एकच सामान घेऊन त्याच्या खडबडीत, घासलेल्या व चकचकीत अशा रूपांवर भागवून पाहावे. तेथल्या पायऱ्यांवर बसूनही पाहावे. ज्या पायरीवर बसणे सुखाचे वाटले तिची उंची, जो जिना चढताना दम लागला नाही त्याच्या पायरीचे माप, ज्या कठड्यावर कोपर सहज टेकले त्याची पातळी, हे सर्व खिशातल्या टेपने मोजून लिहून ठेवावे. घरी असलेल्या जिन्याची मापेही शेजारी लिहावी. पायरी सात इंचांहून उंच आणि दहा इंचांहून अरुंद निघाली तर आजोबा वरच्या मजल्यावर का येत नाहीत, याचा उलगडा होईल.

अशी एक वही भरली म्हणजे मगच वास्तुरचनाकाराकडे जावे, आणि चित्रे घरी ठेवून जावे. 'मला अशी खिडकी पाहिजे' असे म्हटल्यास खिडकी मिळते. 'सकाळी सात वाजता ओट्याशी उभे असता दिवा लावावा लागू नये, आणि पाऊस लागला तरी ती उघडी ठेवता यावी' असे म्हटल्यास विचार मिळतो, आणि त्या विचारातून निघालेली खिडकी कदाचित आपण जमवलेल्या कोणत्याच चित्रात नसेल. त्याच्याकडून नकाशाबरोबर निदान दोन छेद मागून घ्यावे. ते देण्याची टाळाटाळ करणाऱ्याच्या बाबतीत फेरविचार करावा. एखादी अनोळखी बांधणी करावयाची ठरल्यास प्रत्यक्ष कामापूर्वी गवंड्याकडून चार फूट लांब, चार फूट उंच अशी नमुना-भिंत बांधून घ्यावी, तिच्यावर चार दिवस पाणी मारावे, आणि ती मंजूर झाल्यावरच पुढील काम त्या नमुन्याबरहुकूम करण्याचे करारात लिहावे. बाहेरचा रंग पहिल्या पावसाळ्यापूर्वी देण्याची घाई करू नये. आणि मक्तेदाराच्या एकूण रकमेपैकी शेकडा पाच तरी रक्कम एक संपूर्ण पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट पहिल्याच दिवशी, दोघांच्या सह्यांनिशी, मुक्रर करून घ्यावी. काम सुरू झाल्यावर ती कोणी मान्य करीत नाही.